जुनी एक्स५, सीटखालचे वूफर आणि तपकीर गल्ली

दहा-बारा वर्षं जुनी लक्झरी एसयूव्ही घेतली की भेटेल तो एकच सल्ला देतो, आतली सिस्टिम काढून टाक आणि मस्त काहीतरी बसव. मस्त म्हणजे काय तर डिकीत एक भलामोठा बॉक्स, त्याच्यावर निळी लाइट, आणि दारात कुठल्यातरी ब्रँडचे सहा इंची स्पीकर. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. ह्या गाड्यांचे कंपनीचे स्पीकर चांगले असतात, फक्त त्यांचं वय झालेलं असतं, आणि नक्की कशाचं वय झालंय ते आधी शोधलं तर खर्चही कमी होतो आणि आवाजही जास्त चांगला येतो.

गाडी आहे बीएमडब्ल्यू एक्स५, ई७०, म्हणजे २००६ ते २०१३ मध्ये जी बनत होती ती. डिझेल, आणि दिल्लीहून आलेली. दिल्लीत डिझेल गाडीला दहा वर्षं झाली की तिकडे ती चालवता यायची नाही, मग एनओसी घेऊन ह्या गाड्या आपल्याकडे यायच्या आणि नवीन इनोव्हाच्या किमतीच्या कितीतरी खाली मिळायच्या. नंतर मेंटेनन्स तुमचा जीव घेतो तो भाग वेगळा, त्याच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन, लिहायला भरपूर आहे.

आवाजाची तक्रार पहिल्यांदा बाबांनी केली. बाबा शास्त्रीयच ऐकतात, सातारला जाताना खंबाटकी घाट संपेपर्यंत एक ख्याल पुरतो त्यांना, आणि मध्येच म्हणाले, "अरे हा तबलजी एकाच हाताने वाजवतोय का? डग्गा कुठंय?" मी म्हटलं, बाबा रेकॉर्डिंग जुनं असेल. पण नंतर नीट ऐकलं तर खरंच, चाटीचा आवाज कडक येत होता आणि डग्ग्याच्या जागी नुसती धप्प धप्प, घुमारा गायब, आणि आवाज वाढवला की उजव्या सीटखालून फर्रर्र असा कागद फाटल्यागत आवाज.

आता ह्या गाडीची रचना समजून घेतली पाहिजे कारण सगळा घोळ तिथेच होतो. आपल्या नेहमीच्या गाड्यांत पुढच्या दारात सहा-साडेसहा इंची स्पीकर असतो आणि बेस पण तोच देतो. एक्स५ मध्ये दारात फक्त चार इंची मिडरेंज (मधल्या सुरांचा स्पीकर) आहे, म्हणजे १०० मिलिमीटरचा, त्याच्यावर आरशाजवळच्या त्रिकोणात छोटा ट्वीटर (वरच्या बारीक सुरांचा), आणि बेसचं सगळं काम पुढच्या दोन्ही सीटखाली जे आठ इंची वूफर असतात त्यांच्याकडे. त्यामुळे दारातले स्पीकर कितीही भारी घातले तरी बेस येणार नाही, ते त्यांचं कामच नाही. आणि हे माहीत नसलेले लोक दारातले बदलतात, बेस येत नाही म्हणून मग डिकीत बॉक्स टाकतात, आणि सीटखालचे फाटलेले वूफर तसेच फर्रर्र करत राहतात.

दुसरी गोष्ट, आपल्या गाडीत कुठली सिस्टिम आहे ते बघा. व्हीआयएन नंबर (म्हणजे चॅसी नंबर) ऑनलाइन टाकला की ऑप्शनची यादी मिळते, त्यात ६७६ असेल तर हायफाय आणि ६७७ असेल तर वरची, जिला लॉजिक ७ म्हणतात, १६ स्पीकरवाली. माझी ६७६. ह्यात अँप, म्हणजे अँप्लिफायर, डिकीत पॅनलच्या मागे आणि त्याला साध्या तांब्याच्या वायरींमधून सिग्नल येतो, म्हणजे पुढेमागे दुसरा अँप टाकायचा म्हटलं तर काम सोपं. ६७७ मध्ये अँपला सिग्नल येतो फायबर ऑप्टिकमधून, मोस्ट नावाची रिंग असते, त्यात एक डिव्हाइस जरी गेलं तरी अख्खी रिंग बंद पडते आणि गाडी मुकी होते. ती वायर कापून काही जोडता येत नाही, प्रकाश आहे तो, करंट नाही. ६७७ वाल्यांनी कुठल्याही ॲक्सेसरीवाल्याला हात लावू देण्याआधी "मोस्ट माहितीये का" एवढं विचारावं, चेहरा बघून उत्तर कळतं.

तर मी आधी बॅलन्स पूर्ण उजवीकडे, मग पूर्ण डावीकडे करून कुठून काय आवाज येतो ते बघितलं. दोन्हीकडचे वूफर गेलेले, उजवा जास्त. सीट पूर्ण मागे सरकवून जाळी काढली आणि टॉर्च मारला तर कोन (स्पीकरचा पुढचा हलणारा पडदा) ठणठणीत, मॅग्नेट ठणठणीत, फक्त कोनाच्या कडेला जी लवचिक रिंग असते, सराउंड, ती बोट लावल्याबरोबर ओल्या काजळासारखी चिकटून आली. हा पॉलियुरेथेन फोम असतो, हवेतल्या दमटपणाने तो आतून तुटत जातो, पंधरा-वीस वर्षांत कुठल्याही कंपनीचा असला तरी जातो, घरातल्या जुन्या स्पीकरचाही जातो. त्यात सीटखाली म्हणजे पावसाळ्यात ओले बूट, आणि सनरूफवाली गाडी असेल तर त्याच्या पाणी जायच्या नळ्या चोंदल्या की पाणी थेट कार्पेटखाली. दोष कुणाचा असं काही नाही, वय आहे.

एका ॲक्सेसरीवाल्याकडे दाखवलं, दुकानाचं नाव घेत नाही. त्याने वूफर न बघताच सांगितलं की सगळं बदलावं लागेल सर, आणि एक ४ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा) वूफर काढून समोर ठेवला. म्हटलं कंपनीचा किती ओहमचा आहे? म्हणे सगळे सारखेच असतात. नसतात ना भाऊ! माझ्याकडच्या वूफरवर मल्टीमीटर लावला तर १.८ दाखवत होता, म्हणजे २ ओहमचा वूफर (मीटरवर नेहमी लिहिलेल्यापेक्षा थोडं कमीच दिसतं, ४ वाला साधारण साडेतीन दाखवतो). अँप तोच ठेवून २ च्या जागी ४ ओहमचा लावला की पॉवर निम्मी होते, ३ डेसिबल गेले. मग माणूस नवीन वूफर घालून घरी येतो आणि म्हणतो आधीपेक्षा कमी वाजतंय, ब्रँडच फालतू आहे. फोकल ही फ्रेंच कंपनी खास बीएमडब्ल्यूच्या सीटखाली बसणारा वूफर विकते आणि तो २ ओहम आणि ४ ओहम अशा दोन प्रकारांत येतो, उगाच नाही येत. तो घेतला असता तर काम सरळ होतं, पण किंमत बघितली आणि टॅब बंद केली.

म्हणून तपकीर गल्ली. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगतो, बुधवार पेठेतली ही गल्ली इलेक्ट्रिक-इलेक्ट्रॉनिकच्या सामानाची, मुंबईला जसं लॅमिंग्टन रोड. गाडी घेऊन जाऊ नका, मंडईच्या पार्किंगला लावा आणि वूफर पिशवीत घालून चालत जा. आणि गणपतीच्या आधी तर अजिबात जाऊ नका, सगळे रिपेअरवाले मंडळांच्या आणि डीजेवाल्यांच्या पंधरा इंची, अठरा इंची स्पीकरांत गळ्यापर्यंत बुडालेले असतात, तुमच्या आठ इंचीला कोण विचारतो.

ज्या काकांकडे गेलो त्यांनी वूफर उलटा केला, मॅग्नेटवर टिचकी मारली आणि म्हणाले, "साहेब, हा फेकायला कोणी सांगितला? असला मॅग्नेट आता देत नाय कोणी." मग दोन्ही हातांचे अंगठे कोनावर ठेवून हळूच आत दाबला आणि कान जवळ नेला. आतून खरखर आली तर कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) घासतेय, मग काम वाढतं. आली नाही.

त्यांचं काम मी तिथेच स्टुलावर बसून बघितलं आणि खरं सांगतो, गाडीच्या सगळ्या प्रकरणात हाच भाग सगळ्यात भारी होता. आधी थिनर लावून जुना फोम आणि चिकट सगळं खरवडून काढलं, कोनाच्या कडेवर ब्लेड असं चालवत होते की मला वाटत होतं आता कागद फाटतोय, पण नाही. मग मधली टोपी ब्लेडने गोल कापून उचलली. ती का काढायची तर आत व्हॉइस कॉइल आणि मधला लोखंडी खांब ह्यांच्यात कागदाएवढी फट असते, नवीन सराउंड चिकटवताना कोन केसभर जरी एका बाजूला सरकला तरी कॉइल आयुष्यभर घासत राहणार. म्हणून त्या फटीत चार बाजूंनी पट्ट्या सरकवतात, आणि पट्ट्या कसल्या तर जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या! कात्रीने कापलेल्या, एकीवर कुणाच्यातरी बरगडीचा तुकडा दिसत होता. कोन मध्यावर लॉक झाला की डिंक, नवीन सराउंड, वरून चिमटे गोलाकार लावून वाळत ठेवायचं, वाळलं की पट्ट्या काढून टोपी परत चिकटवायची.

फोम का रबर ह्याच्यावर आमची थोडी वादावादी झाली. काका म्हणत होते रबर टाका, पाण्यापावसात टिकतं. टिकतं हे खरंच आहे. पण रबर जड, कोनाचं वजन वाढतं, त्याची मूळ हालचाल बदलते आणि कंपनीचा अँप त्या मूळ हालचालीच्या हिशोबाने ट्यून केलेला आहे. मी फोमच घातला. परत पंधरा वर्षांनी सडेल म्हणाल तर तोपर्यंत ही गाडी राहिली तर मी स्वतः पेढे वाटेन. दोन्ही वूफरचं मिळून बिल नंतर घेतलेल्या एका ट्वीटरपेक्षा कमी आलं, ह्यावरून काय ते समजा.

निघताना काकांनी घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल वूफरला लावून दाखवला, प्लसला प्लस लावला की कोन बाहेर आला पाहिजे. हे घरी गाडीत बसवायच्या आधी दोन्हीवर करून प्लसच्या बाजूला खूण करून ठेवा, कारण एक सुलटा आणि एक उलटा लागला तर एक हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि बेस आपापसात कटतो. वाजतात दोन्ही, पण बेस नाही, आणि कारण काही केल्या सापडत नाही.

बसवताना एक महत्त्वाचं. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर असतात ते एअरबॅगचे. ते सुटे असताना इग्निशन चालू केलं की डॅशवर एअरबॅगची लाइट लागते आणि स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही. जमलं तर त्यांना हातच लावू नका.

आता दारं. मिडरेंज आणि ट्वीटर मात्र मी बदलले, कारण मिडचे कागदी कोन ओल येऊन वेडेवाकडे झाले होते आणि एका ट्वीटरची वायर आधीच्या मालकाच्या फिटरने कापून, पिळून, वर काळी टेप गुंडाळून ठेवलेली. पुण्याच्या मे महिन्यात त्या टेपचा डिंक वितळून गुळाचा पाक होतो, आत तांबं हिरवं. सगळं काढून सोल्डर केलं, वर हीटश्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी). चार इंची कंपोनंट सेट (मिड आणि ट्वीटर वेगळे असलेला) घेतला, घेण्याआधी काच पूर्ण खाली करून आतली खोली मोजली, कारण मॅग्नेट जाड असला की काच त्याच्यावर येऊन अडते. भोकं जुळत नव्हती तर मध्ये रिंग पाहिजे, दुकानात एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची) देतात, ती घेऊ नका, दारात पावसाचं पाणी खेळतंच, एमडीएफ फुगते. किचनमधला पांढरा प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड आणा आणि जिगसॉने त्यातून रिंगा कापा. बायकोने विचारलं नवीन बोर्ड कशाला आणला, म्हटलं गाडीसाठी, त्यावर जे बघितलं माझ्याकडे ते लिहीत नाही.

ट्वीटरच्या मागे छोटा कपॅसिटर असतो तो विसरू नका. तो खालचे सूर अडवतो, नसला तर ट्वीटर पहिल्याच ढोलकीला जळेल. ४ ओहमला ४.७ मायक्रोफॅरॅड म्हणजे साधारण साडेआठ हजार हर्ट्झच्या वरचं जातं, मला ते फार वर वाटलं, आवाज पातळ येत होता, म्हणून ६.८ टाकला, म्हणजे पाच हजार आठशेच्या आसपास. सतार आणि सरोद दोन्ही बसले त्यात, असं म्हटलं असतं पण खरं तर सतारीच्या तारा जरा जास्तच टोचतात अजून, कान सवय करून घेतायत.

दाराचं पॅनल काढलं की मागे पाणी अडवायचा एक पडदा असतो, काळ्या चिकट ब्युटिलने लावलेला. घाईत तो फाडून फेकणारे फिटर मी बघितलेत. तो नीट परत चिकटवला नाही तर पहिल्या पावसात पाणी पॅनलमधून आत आणि पायाखाली डबकं. त्याच वेळी दाराच्या पत्र्याला डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी) लावून घेतली, फक्त दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात ती मोकळी ठेवली, ती बुजली की दार आतून गंजतं. क्लिप पण जास्तीच्या आणून ठेवा, जुन्या क्लिप उन्हाने बिस्किटं झालेल्या असतात. आणि दार तासभर उघडं ठेवून काम करणार असाल तर लॅचमध्ये स्क्रू ड्रायव्हर ढकलून ते बंद करून टाका, गाडीला वाटतं दार बंद आहे आणि ती झोपते, नाहीतर गाडीतले सगळे मॉड्यूल (छोटे कॉम्प्युटर) जागे राहून बॅटरी उतरवतात.

आवाज कसा आहे म्हणाल तर डग्ग्याची मींड आता पाठीत कळते, सीटखालून येते ना. ढोलकी खणखणीत. ड्रमचा हादरा डिकीतल्या बॉक्सवाल्यांसारखा नाहीच, सिग्नलला शेजारच्याची काच थरथरवायची असेल तर हा मार्ग तुमचा नाही.

मागच्या दारांना हात लावला नाही. मागे मुलं बसतात, दोघांच्या कानात हेडफोन. राहिला प्रश्न फोनचा, माझ्या गाडीतल्या ब्लूटूथवर फक्त कॉल येतात, गाणी येत नाहीत, म्हणून सध्या ऑक्सची वायर आर्मरेस्टमधून लोंबतेय. त्यासाठीच्या अडॅप्टरबद्दल कुणाला स्वतः वापरून अनुभव असेल तर कळवा, व्हिडिओ बघून झालेला अनुभव नको.