किन्गाइट: दगडावरून कागदावर उतरणारी चित्रं

कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशाला देशाच्या इतर भागांशी जोडणारा रस्ताच नाही. तिथल्या किन्गाइट गावाला जायचं तर ओटावाहून विमानानं राजधानी इकालुइट आणि तिथून लहान विमानानं बॅफिन बेटाच्या नैर्ऋत्य टोकाकडे. हवामान बिघडलं की विमान येत नाही, म्हणून परतताना हाताशी मोकळे दिवस ठेवाच. टोरांटोहून भारताचं विमान लगेच दुसऱ्या दिवशीचं घेऊ नका.

सुमारे चौदाशे वस्तीचं हे गाव २०२० पर्यंत केप डॉर्सेट या नावानं ओळखलं जाई. इनुइट म्हणजे उत्तर ध्रुवाकडचे मूळ रहिवासी. जगभरच्या संग्रहालयांत दिसणारी त्यांची मुद्राचित्रं (छापून काढलेली चित्रं) मुख्यतः इथली. कॅनडाचे चित्रकार जेम्स ह्यूस्टन १९५८ मध्ये जपानला जाऊन तिथले मुद्राचित्रकार उन्इची हिरात्सुका यांच्याकडे छपाई शिकून आले आणि १९५९ मध्ये इथल्या कलावंतांची सहकारी संस्था उभी राहिली. तीच संस्था गावात किराणा दुकानही चालवते. कलावंत चित्र घेऊन येतो, संस्था ते विकत घेते आणि कॅनडाच्या दक्षिण भागातल्या शहरांत विकते. ही साखळी साठ वर्षांहून अधिक काळ टिकली आहे, याचं मला फार मोल वाटतं.

२०१८ मध्ये उघडलेलं केनोजुआक सांस्कृतिक केंद्र आणि छापखाना एकाच इमारतीत आहेत. आधी कळवून वेळ ठरवा आणि घाई न करता बघा. चित्र काढणारी व्यक्ती वेगळी, दगड कोरणारी वेगळी. गुळगुळीत दगडावर रेखाटन उतरवायचं, भोवतालचा भाग कोरून खोल करायचा, उरलेल्या उंचवट्यावर रुळानं शाई चढवायची, वर पातळ जपानी कागद ठेवून हातानं घासायचं. साधारण पन्नास प्रती निघाल्या की दगडावरचं चित्र खरवडून टाकतात. नव्या संचातली चित्रं शरद ऋतूत प्रसिद्ध होतात. तोवर छापखान्यात दिसणाऱ्या चित्रांचे फोटो काढू नका.

केनोजुआक अशेवाक यांचं १९६० मधलं घुबड बहुतेकांना माहीत असतं, ते १९७० मध्ये टपाल तिकिटावरही आलं. पण तेवढंच पाहून परतू नका. पुडलो पुडलाट यांनी चित्रात विमानं आणली. ॲनी पूटूगूक यांनी टीव्हीसमोर बसलेलं कुटुंब, स्वयंपाकघर, घरातली मारहाणही काढली. २००६ मध्ये त्यांना कॅनडातला सोबी कला पुरस्कार मिळाला. शुविनाई अशूना यांच्या अजस्र, विचित्र प्राण्यांची दखल २०२२ च्या व्हेनिस द्वैवार्षिकी या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात घेतली गेली. ‘अस्सल’ इनुइट कला म्हणजे फक्त अस्वल आणि इग्लू, असं मानणारे पर्यटक भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. १९५९ मध्ये या गावात कागदावरची छपाईच नवी होती. आज टीव्ही आणि स्नोमोबाइल घरोघरी आहेत, मग चित्रात ती का नसावीत?

आम्ही एप्रिलमध्ये गेलो. समुद्र गोठलेला, उजेड संध्याकाळी उशिरापर्यंत. मूर्तिकार घराबाहेर ग्राइंडरनं हिरवट सर्पेंटाइन दगड कापतात, कारण ती धूळ फुफ्फुसांना वाईट. दगडाच्या खाणी गावाबाहेर आहेत, वाट बोटीची किंवा बर्फावरची. समुद्र आता उशिरा गोठतो आणि लवकर फुटतो, त्यामुळे बर्फावरची वाट दरवर्षी नव्यानं जोखावी लागते.

लोक मूर्ती विकायला हॉटेलातही घेऊन येतात. फार घासाघीस करू नका. दगड आणण्यापासूनची मेहनत त्या किमतीत आहे. दक्षिणेतल्या दुकानात घेणार असाल तर इग्लूचं चिन्ह असलेली चिठ्ठी बघा, १९५८ पासून ती नकली मालापासून ओळख पटवते. जुन्या मूर्तीच्या तळाशी कधी E७ नं सुरू होणारा क्रमांक दिसतो. तो मूर्तिकाराचा. इथं अनेक वर्षं सरकार इनुइट माणसांची नोंद गळ्यातल्या बिल्ल्यावरच्या क्रमांकानं ठेवत असे. तो क्रमांक दिसला की थोडं थांबावं. वॉलरस किंवा नार्व्हाल या समुद्री प्राण्यांच्या दातांचं कोरीवकाम मात्र भारतात आणण्याच्या विचारानं घेऊ नका, परवान्यांची अडचण येते. दगड आणि कागद घ्या.

गावात मुलं इनुक्टिटुट ही इनुइटांची भाषा बोलतात हे ऐकून बरं वाटलं. पाट्यांवरची लिपी मराठी माणसाला पटकन समजते: एकच त्रिकोण टोक वर असेल तर ‘पि’, उजवीकडे वळला की ‘पु’, डावीकडे ‘पा’. जेम्स इव्हान्स यांनी १८४० च्या सुमारास कॅनडातल्या क्री या मूळ रहिवाशांच्या भाषेसाठी ही पद्धत बसवली आणि पुढे ती इनुक्टिटुटसाठी घेतली गेली. तिच्यावर देवनागरीचा प्रभाव असावा, असं काही अभ्यासक मानतात. बोलताना भुवया उंचावल्या तर ‘हो’, नाक मुरडलं तर ‘नाही’. आपल्याला वाटतो तसा त्यात राग नसतो.

शाकाहारींनी डाळ-तांदूळ, थेपले, चिवडा बरोबर न्यावा. भाजी विमानानं येते आणि भाव त्याच प्रमाणात असतो. लहान गावांत हॉटेलची खोली अनोळखी प्रवाशाबरोबर वाटून घ्यावी लागू शकते, बुकिंग करतानाच विचारा.

एवढा खर्च जमत नसेल तर विनिपेग शहरातलं कौमायुक हे इनुइट कलेचं दालन बघा. २०२१ मध्ये उघडलेल्या या जागेत तीन मजली काचेच्या कोठारात हजारो मूर्ती रस्त्यावरूनही दिसतात. अर्धा दिवस पुरत नाही, सकाळी उघडताच जा.