रेघेपर्यंत

आमच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी आणि कमी दिवसांच्या नवजात बाळांच्या विभागात, बाळांना नावं नसतात, वॉर्मरचे (ऊब देणाऱ्या खाटांचे) नंबर असतात. हे सहा नंबरचं. मुलगी, तीस आठवड्यांची, जन्मवजन १२६० ग्रॅम. आई बीडकडची, ऊसतोडीला आलेली. फडातच कळा सुरू झालेल्या.

चौतीस आठवड्यांच्या आतल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ जमत नाही, म्हणून तोंडातून पोटात नळी. सिरिंजचा दट्ट्या काढून टाकायचा, सिरिंज नळीला जोडून वीतभर उंच धरायची आणि दूध आपल्या भाराने उतरू द्यायचं. दट्ट्याने ढकलणाऱ्या नव्या पोरी दिसल्या की माझे हात शिवशिवतात. १७ मिलीला दहा-पंधरा मिनिटं लागतात, लागू द्यात. पोट फुगतंय का, रंग बदलतोय का, ते बघत उभं राहायचं.

चौदाव्या दिवशी पोरगी जन्मवजनाला परत आली. किलोला १६० मिलीच्या हिशेबाने दूध पुरं जात होतं, उलटी नाही, शी व्यवस्थित. आणि वजन? चार ग्रॅम. शून्य. सहा. तीन. रोज अठरा-वीस वाढायला हवेत. काटा तपासला, वॉर्मरचं तापमान तपासलं (गारठलेल्या बाळाच्या अंगी दूध लागत नाही), रक्त-लघवी पाठवली. राउंडला डॉक्टरसाहेबांनी दुधात घालायचं फॉर्टिफायर, म्हणजे पोषण वाढवणारी पुडी, लिहिलं. आमच्या स्टोअरला ते नव्हतं, म्हणून बापाच्या हातात चिठ्ठी. मुकादमाची उचल फेडणाऱ्या माणसाला बाहेरची चिठ्ठी द्यायला आमचं काय जातं! आणि मी आईवर डाफरले, "तूच धड जेवत नाहीस, पोरीच्या अंगाला काय लागणार?" ती मान खाली घालून उभी.

त्याच रात्री दोनच्या फीडला फ्रिज उघडला. झाकणाच्या डब्या, पट्टीवर आईचं नाव आणि वेळ. आईचं दूध दोन-चार तास हललं नाही की साय वर येते. चार नंबरच्या डबीत चांगला पिवळसर थर. सहाच्या तिन्ही डब्यांत निळसर दूध आणि वर दोऱ्याएवढी कड.

मदर्स वॉर्डात गेले तर ती जागीच, दूध काढत बसलेली. हात छान चालत होता, मीच शिकवलेला. डबीवर २५ मिलीला मार्करची रेघ, तीही माझीच. आठ वेळा पंचवीस म्हणजे दोनशे, बाळाची दिवसाची गरज. फ्रिज लहान, डब्या मोजक्या, म्हणून काढलेली युक्ती. रजिस्टर काय सुबक दिसायचं! दूध रेघेला टेकलं आणि तिने हात थांबवला. छाती अजून दगडासारखी.

"आणि उरलेलं?"

"दुखतंय म्हणून मोरीत पिळते, सिस्टर. तुमीच म्हणले ना, रेघेपतोर भरलं की बास."

सुरुवातीचं दूध पातळ असतं, स्तन रिकामा होत जातो तशी साय येते. अंगावर पाजणाऱ्या बायांना मी हे दिवसातून दहादा सांगते, एक बाजू पुरती संपव, मगच दुसरी. डबी भरणारीला फक्त रेघ दाखवली.

त्या रात्रीपासून तिला दोन डब्या दिल्या. पहिलं पातळ दूध एकीत, मग छाती मऊ होईस्तोवर दुसरीत, आणि नळीतून आधी दुसरीतलं. डबी कोमट पाण्यात धरून हलकेच फिरवायची, साय कडेला चिकटून राहिली तर पुन्हा तेच. चौदा ग्रॅम. एकवीस. एकोणीस. तरी रोज आठ वेळा मोरीत किती गेलं असेल, हा हिशेब अजून मधेच डोक्यात सुरू होतो. डाफरल्याबद्दल तिच्याशी धड बोलणंही झालं नाही. फीडची वेळ झाली होती.

चौथ्या दिवशी राउंडला साहेबांनी वजनाचा तक्ता बघितला, खूश झाले आणि पेपरवर लिहिलं: फॉर्टिफायरचा गुण येतो आहे, चालू ठेवा.

ती पुडी बापाने आणलीच नव्हती. चिठ्ठी त्याच्या खिशातच होती.