चाकाच्या पोटातले गिअर

ठाण्यातल्या मित्रांशी गिअरच्या सायकलीबद्दल बोलताना त्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र असतं: मागच्या चाकाला लहानमोठ्या दातेरी चकत्या आणि त्यांच्याखाली लोंबणारा, चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा डिरेलर. मी राहतो त्या नेदरलँड्समधल्या युट्रेख्तमध्ये कामावर जायच्या, भाजी आणायच्या, मुलांना शाळेत सोडायच्या सायकलींवर हे क्वचितच दिसतं. मागे एकच चकती, पुष्कळदा अख्खी चेन कव्हरमध्ये, आणि गिअर हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल डब्याच्या, पोटात. या सायकली बारा महिने पावसात उभ्या असतात, पण चिखल गिअरपर्यंत पोचत नाही. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या पावसाला याहून सोयीची रचना मला माहीत नाही.

नौपाड्यात माझ्या मामाकडे आजोबांची जुनी रॅले कंपनीची सायकल आहे. हब स्टर्मी-आर्चर कंपनीचा, तीन गिअरचा, 'एडब्ल्यू' मॉडेल. या हबवर नावासोबत वर्षाचे आणि महिन्याचे आकडे ठोकलेले असतात. मामाच्या हबवर ६२ आहे, म्हणजे तो १९६२ साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला तयार झालेला. गेल्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा मामा म्हणाला, "दुसऱ्या गिअरमध्ये पॅडल मध्येच रिकामं फिरतं रे. सायकलवाला म्हणतो आतले दाते गेले, चाकच बदला."

दाते गेले नव्हते, आणि ते सहसा जातही नाहीत. आसावर मधोमध २० दात्यांचं एक दातेरी चाक पक्कं बसवलेलं असतं, ते कधीच फिरत नाही. त्याच्याभोवती एका पिंजऱ्यात बसवलेली छोटी चाकं फिरतात, आणि त्या सगळ्यांना बाहेरून ६० दात्यांचं कडं वेढतं. चेनची ताकद कड्याला दिली आणि पिंजऱ्याकडून हबला घेतली, की सायकलचं मागचं चाक चकतीच्या पाऊणपट फिरतं. हा पहिला गिअर. उलट केलं, ताकद पिंजऱ्याला दिली आणि कड्याकडून घेतली, की चकतीच्या तीन फेऱ्यांत चाकाच्या चार होतात. हा तिसरा. दुसऱ्यात चकती आणि चाक बरोबरीने फिरतात. यात दाते कायम एकमेकांत अडकलेलेच राहतात. गिअर बदलताना केबल फक्त ताकद जोडणारा-सोडणारा आतला क्लच सरकवते: ताणली की पहिल्याकडे, सैल सोडली की स्प्रिंगच्या जोराने तिसऱ्याकडे.

खरी गोम इथे आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे अशी जागा आहे जिथे क्लच कशालाच धरत नाही. केबल जराशी सैल पडली तरी दुसरा गिअर त्या जागेत घसरतो आणि पॅडल रिकामं फिरतं. हे किरकोळ समजू नका. उपवनकडून येऊरचा चढ उभं राहून चढताना पायाखालचा जोर अचानक नाहीसा झाला, तर माणूस हँडलवर आपटतो.

तपासायला पाना लागत नाही. हँडलवरचा खटका दुसऱ्या गिअरवर ठेवा आणि मागच्या चाकाच्या उजव्या नटाजवळ बसा. नटाला खिडकीसारखं भोक असतं. त्यातून आत जाणारी बारीक साखळी एका दांड्याला जोडलेली दिसते. दांडा संपून साखळी सुरू होते ती कड आसाच्या टोकाशी बरोबर रेषेत हवी. आत असेल तर केबल सैल आहे, बाहेर असेल तर जास्त ताणलेली. साखळीवरचा जोड फिरवून ती रेषेत आणा आणि तो जोड जागेवर धरणारा लॉकनट आवळा. मग तिसऱ्यात केबलला किंचित ढिलाई आहे ना आणि पहिल्यात साखळी नीट ताणते ना, तेही पाहा. मामाच्या सायकलीत केबलचं कव्हर जिथे अडतं तो फ्रेमच्या दांड्यावरचा क्लॅम्पच पुढे सरकला होता. तो मागे घेऊन, खाली रबराची पट्टी घालून आवळला. दुसऱ्या दिवशी मामा तलावपाळीला चक्कर मारून आला आणि म्हणाला, "आता एकदाही घसरला नाही!"

जुन्या लोखंडी हबवर झाकणाचं छोटं भोक असतं, ते तेल घालण्यासाठी. महिन्यातून काही थेंब पुरतात, तेही इंजिनाचं पातळ तेल. ग्रीस आत भरू नका. आतले खटके, म्हणजे एकाच दिशेने अडकणारे छोटे तुकडे, फ्रीव्हीलच्या खटक्यांसारखे बारीक स्प्रिंगवर उघडतात. घट्ट ग्रीसमध्ये ते चिकटले की गिअर घसरतो आणि दोष पुन्हा दात्यांवर येतो. गिअर बदलताना क्षणभर पॅडलवरचा जोर काढायची सवयही लावून घ्या. उभ्या सायकलीवरही हे गिअर बदलतात. सिग्नलला थांबल्यावर पहिल्यात येता येतं, हे मला डिरेलरपेक्षा फार आवडतं.

जपानच्या शिमानो कंपनीच्या हबचं तत्त्व तेच, फक्त खूण वेगळी. त्यांच्या तीन गिअरच्या नेक्ससमध्ये हँडलवरचा खटका दुसऱ्यावर, आठ गिअरच्या नेक्ससमध्ये चौथ्यावर ठेवायचा आणि हबजवळच्या रंगीत रेषा जुळतात का ते पाहायचं. नाही जुळल्या तर केबलच्या टोकाची, ताण कमीजास्त करणारी बॅरल थोडी थोडी फिरवायची. आठ गिअरच्या नेक्ससची आतली देखभाल दर दोन वर्षांनी, किंवा वापर खूप असेल तर ५,००० किलोमीटरनंतर करावी, असं कंपनी सांगते. जर्मनीच्या रोलॉफचा १४ गिअरचा हब तर तेलातच चालतो. ते तेल वर्षातून एकदा किंवा ५,००० किलोमीटरनंतर बदलायचं.

मागचं चाक पंक्चर झालं तर ते काढू देऊ नका. इथले मेकॅनिक टायरची एक बाजू सोडवून ट्यूब बाहेर ओढतात आणि तिथल्या तिथे पॅच लावतात. आपले पंक्चरवालेही हेच करतात, त्यांना फक्त आधी सांगा. चाक काढावंच लागलं तर आधी केबल सोडवा, आणि आसावरचे खाचेत बसणारे वॉशर कोणत्या बाजूला कसे होते याचा फोटो काढून ठेवा. ते उलटे बसले तर आस फिरतो आणि केबलचं सगळं जुळवलेलं बिघडतं.

केबल जुळवून, तेल घालूनही गिअर घसरत राहिला, तरच हब उघडायचा विचार करा. साखळीचा दांडा आणि केबल आजही नवीन मिळतात. विचारताना हबवरचं मॉडेल आणि आसाची लांबी सांगा, कारण दांड्याची लांबी आसावर ठरते.