साक्रीच्या बोअरपासून डेगानाच्या टेकडीपर्यंत

साक्रीला धाकट्या मामाच्या अंगणात बोअरच्या झिजलेल्या बिटांचा, म्हणजे दगड फोडणाऱ्या टोकांचा, ढीग पडलेला असतो. पालथ्या तांब्याएवढं एकेक बिट, आणि त्याच्या तोंडावर बसवलेली करडी, गोल बटणं. मामाचं अर्धं आयुष्य बोअरच्या गाडीवर गेलं. भोकातून उडणाऱ्या धुळीचा रंग बघून खाली काळा दगड आहे, मुरूम आहे की दोन थरांमधली तांबडी माती, हे तो लांबूनच सांगतो. मागच्या दिवाळीत त्याने एक बटण माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, ''भाचा, हाई कोनता दगडनं शे?''

मी भूगर्भशास्त्र शिकलेलो. टंगस्टन कार्बाइड, म्हणजे टंगस्टन धातू आणि कार्बन यांचं अतिकठीण संयुग, हे उत्तर तोंडपाठ होतं. पण टंगस्टन ज्यातून निघतं तो दगड मी तरी जमिनीत कुठे पाहिला होता? म्हणून डिसेंबरात आम्ही दोघं निघालो. नंदुरबारला गाडी धरली, सुरतला बदलली, पुढे जोधपूर, आणि तिथून मेडता रोडमार्गे डेगाना.

डेगाना राजस्थानच्या नागौर जिल्ह्यात. टंगस्टनची जुनी, बंद पडलेली खाण तिथे आहे. सपाट वाळूच्या मुलखात गावाजवळ रेवत नावाची टेकडी एकटीच उठलेली दिसते. टेकडीच्या अंगावर चर, पडके खड्डे, खोदून फेकलेल्या खडीचे ढिगारे. बोगद्यांची तोंडं लांबूनच पाहिली. जुन्या खाणीत शिरायचं नाही, हे मामालाही सांगावं लागलं नाही.

इथे जुन्या पत्थरात खालून वितळलेल्या ग्रॅनाइटचा रस घुसला. तो थिजत आला तेव्हा ज्या धातूंना कुठल्याच स्फटिकात नीट जागा मिळाली नाही, ते उरल्यासुरल्या रसात आणि त्यातून सुटलेल्या कढत पाण्यात गोळा झाले. टंगस्टन त्यातलंच एक. ते पाणी भेगांतून वर चढलं आणि गार होताना पांढरी गारगोटी नि काळं वुल्फ्रमाइट, म्हणजे टंगस्टनचं खनिज, मागे ठेवून गेलं. कडेचा ग्रॅनाइटही त्याने बदलून टाकला. म्हणून इथे पुष्कराज, फ्लोराइट आणि लिथियम असलेलं अभ्रक सापडतं.

ढिगाऱ्यातल्या पांढऱ्या गारेत मला एक काळी, चकचकीत पट्टी दिसली. तो खडा मी मामाच्या तळहातावर ठेवला. त्याचा हात खाली गेला. ''दख भाचा, कितलं जड शे हाई!'' नुसतं वुल्फ्रमाइट आपल्या काळ्या दगडाच्या जवळजवळ अडीच पट जड. टंगस्टन या स्वीडिश शब्दाचा अर्थच 'जड दगड'. मामाने त्या भाषेतला शब्द कधी ऐकला नव्हता. त्याच्या हातानेच ते नाव ठेवलं. या जडपणाचा खाणीलाही उपयोग होता. दगड फोडून कुटायचा, पाण्यात घोळायचा. हलकी गार वाहून जाते, जड खनिज तळाला राहतं. सुपात धान्य पाखडावं तसंच.

खाण जन्मली युद्धात. पहिल्या महायुद्धाआधी ब्रह्मदेशातल्या तवॉयचं बरंचसं वुल्फ्रमाइट शुद्ध व्हायला जर्मनीला जायचं. 1914 मध्ये तो रस्ता बंद झाला आणि इंग्रजांना कळलं की तोफा-बंदुका घडवणाऱ्या यंत्रांच्या पात्यांना टंगस्टनचं पोलादच लागतं. त्या काळात मारवाड संस्थानातल्या या टेकडीवर खोदाई सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा जोर चढला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मात्र स्वस्त चिनी मालापुढे इथला खर्च परवडेना आणि काम थांबलं. आज जगातलं सुमारे 80 टक्के टंगस्टन एकट्या चीनमधून निघतं. मामाच्या बिटांतही बहुधा तेच असणार, याचं मला वाईट वाटलं. खडा आम्ही जागच्या जागी ठेवला.

परतीच्या गाडीत मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ''आपला आठे हाऊ दगड काबर नही?'' आपल्याकडे हा दगड का नाही?

उत्तर मी गाडीत दिलं नाही. साक्रीला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी त्याला शेतांपलीकडच्या काळ्या भिंतीवर घेऊन गेलो. नंदुरबार-धुळे पट्ट्यात अशा दोनशेच्या वर भिंती आहेत. साक्रीकडून धुळ्यावरून पारोळ्याकडे जाणारी तर 79 किलोमीटर लांब. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटली, त्या फटीत लाव्हा भरला आणि थिजला. आजूबाजूचा दगड झिजला, भिंत उभी राहिली. डेगानालाही फटीच, पण तिथे त्या भरल्या ग्रॅनाइटच्या उरलेल्या पाण्याने. आपल्या फटी भरल्या खोलातून तडक वर आलेल्या रसाने, ज्यात टंगस्टन मुळातच नखभर, आणि ते वेगळं काढून एका जागी साठवणारं कुणी नाही.

मामाने भिंतीवरून दोन्ही बाजू न्याहाळल्या. वरच्या अंगाला गहू हिरवागार, खालच्या अंगाला विहीर कोरडी. जमिनीखालून उताराने येणारं पाणी अशी भिंत अडवून धरते, हे त्याने कितीतरी बोअर फेल गेल्यावर शिकलेलं. मला त्याने वरच्या अंगाची एक जागा दाखवली, टाचेने खूण केली आणि गाडी मागवायला फोन काढला. नवं बिट लावायचं होतं.