शेपटीतला एक ग्रॅम

बाल्साचं, म्हणजे अगदी हलक्या लाकडाचं, बिनइंजिनाचं ग्लायडर बांधायला घेतलंत तर चाकूच्या आधी 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा घ्या. मीटरभर पंखांच्या मॉडेलमध्ये तोलबिंदूपासून नाक 10 सेंमी पुढे आणि शेपूट 45 सेंमी मागे आहे, असं धरू. शेपटीत 1 ग्रॅम वाढला की नाकात साडेचार ग्रॅम शिसं भरावं लागतं. साडेपाच ग्रॅमचं हे ओझं मग प्रत्येक फेकीत सोबत असतं.

म्हणून खरी निवड दुकानातच. 1000 × 100 मिमीची, दीड मिमी जाडीची शीट एकाच गठ्ठ्यात कधी 15 ग्रॅम भरते, कधी 24. हलकी शेपटीला, जड बॉडीला. लाकडातल्या रेषाही बघा. शीट उजेडात तिरपी धरल्यावर माशाच्या खवल्यांसारखे चमकते ठिपके दिसले, तर ती सी-ग्रेन. ती आडवी ताठ राहते, म्हणून शेपटी आणि रिब्ज (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) तिच्याच कापाव्यात. गोलाई द्यायला मात्र घेऊ नका, तडकते. तिथे लांब सरळ रेषांची ए-ग्रेन, ती सहज वळते.

सांधा आधी कोरडा बसवून पाहा. फट असेल तर पट्टी नव्याने कापा; फटीत भरलेला गोंद म्हणजे नुसतं वजन. पातळ सायनो (झटपट चिकटणारा गोंद) घट्ट बसलेल्या सांध्यात आपोआप ओढला जातो, एक थेंब पुरतो. सांडलेला सायनो सुती फडक्याने पुसू नका, कापूस चटका बसण्याइतका तापतो. पातळ शेपटीवर फेव्हिकॉल सढळ हाताने लावला तर त्यातल्या पाण्याने ती वाकते. दोन्ही पंख मध्ये जोडताना दीड मिमी प्लायचा तुकडा आणि इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) वापरा. डायहेड्रलसाठी, म्हणजे पंख टोकांकडे वर उचललेले राहावेत म्हणून, दोन्ही टोकं टेबलापासून 50 मिमी वर टेकवून ठेवा आणि इपॉक्सी पूर्ण धरेपर्यंत हलवू नका.

शेपूट चिकटवण्याआधी दोरा घ्या. एक टोक बॉडीच्या मागच्या टोकाला टाचणीने रोवा आणि दोरा आधी डाव्या, मग उजव्या पंखाच्या टोकापर्यंत ताणा. दोन्हीकडे लांबी सारखी यायला हवी. मग मॉडेल मागून, एक डोळा मिटून पाहा. एकाच पंखाची मागची कड वर पिळली असेल तर तो पंख खाली जातो आणि विमान त्याच बाजूला गिरक्या घेत उतरतं. पीळ किटलीच्या वाफेवर धरून उलटा द्यायचा आणि गार होईपर्यंत सोडायचा नाही. पावसाळ्यात बाल्सा ओल धरतं, त्यामुळे ही तपासणी उडवण्याच्या दिवशी पुन्हा करावी. दमट हवेत डोपही (मॉडेलवर लावायचं पातळ लॅकर) लावू नये, पांढरा पडतो.

तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या 30 टक्क्यांवर: पंख 120 मिमी रुंद असेल तर 36 मिमीवर पेन्सिलची खूण करून दोन बोटांवर उचला. पहिली फेक वारा पडलेला असताना, नाक किंचित खाली, भाल्यासारखी सरळ. जोर लावू नका. विमान वर चढून थबकलं आणि नाक टाकलं तर तो स्टॉल: नाकात अर्धा ग्रॅम प्लास्टिसिन वाढवा. सरळ खाली गेलं तर आडव्या शेपटीच्या मागच्या कडेखाली 1 मिमी पट्टी सरकवा. एका फेकीला एकच बदल, आणि तोही वहीत लिहून. तीन फेकी सारख्या गेल्या की मगच ती पट्टी चिकटवा.