तुम्ही विचारलंत म्हणून: ओरिजिनल सोडून छोट्या पब्लिशरची पुस्तकं का?

आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये कोणी नवीन आलं की थोड्याच दिवसांत हा प्रश्न येतोच. ताई, डंजन्स अँड ड्रॅगन्सची नवी एडिशन आलीये, एवढी छान जाडजूड पुस्तकं आहेत, मग तुम्ही ही कुठल्या कुठल्या छोट्या पब्लिशरची पुस्तकं का चालवता आणि आम्हालाही पैसे आधी तिकडेच घाला असं का सांगता? खेळ संपल्यावर सगळ्यांना परळहून शेवटच्या लोकलच्या आत घरी पोचायचं असतं, त्यामुळे माझं उत्तर दर वेळी अर्धवट राहतं, म्हणून एकदाच नीट लिहितेय.

ज्यांना हा खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, एक जण गोष्ट चालवतो, त्याला आम्ही डीएम म्हणतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि काही अवघड करायचं असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत हा खेळ आणला. नियम काही वर्षांनी बदलतात, पुस्तकं नव्याने निघतात, ती नवी एडिशन. सध्याची नवी पुस्तकं २०२४ पासून यायला लागली.

आता मुद्दा. नियमांच्या पुस्तकात तलवारीचा वार किती लागतो ते असतं, जादू कशी चालते ते असतं, पण शनिवारी रात्री डीएमला वेगळंच काहीतरी हवं असतं, म्हणजे एक गाव, त्या गावात काहीतरी हवं असलेली तीन-चार माणसं, एक नकाशा, आणि खेळणाऱ्यांनी भलताच रस्ता धरला तर काय करायचं याची थोडी सोय. हे लिहायला छोटे पब्लिशर लागतात. बोर्डाने अभ्यासक्रम बदलला की पाठ्यपुस्तकाच्या मागोमाग गाईडं दुकानात आलेली असली तरच पोरं निभावतात, तसंच हे आहे. आणि ते लोक कधी येतात, तर खेळाची मालक कंपनी नियम वापरायची परवानगी लेखी देते, वेळेवर देते आणि उद्या ती काढून घेणार नाही असा त्यांचा विश्वास बसतो तेव्हा. एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते मी हवेत बोलत नाहीये, चार एडिशनांचा इतिहास समोर आहे.

२००० साली तिसरी एडिशन आली तेव्हा विझर्ड्स ऑफ द कोस्ट या खेळाच्या मालक कंपनीने ओपन गेम लायसन्स, म्हणजे सगळ्यांसाठी खुला परवाना, काढलं. रायन डॅन्सी हे त्यामागचे मुख्य गृहस्थ. नियमांचा गाभा कोणीही वापरा, त्यावर आपली पुस्तकं काढा, विका, फी नाही. ऑगस्टमध्ये मिलवॉकीच्या जेन कॉन मेळाव्यात नियमांचं नवं पुस्तक विक्रीला आलं, आणि त्याच वेळी ग्रीन रोनिनचं डेथ इन फ्रीपोर्ट आणि ॲटलस गेम्सचं थ्री डेज टू किल पण तिथे हजर होतं! म्हणजे नवे नियम घेऊन माणूस घरी गेला की त्याच रात्री खेळायला गोष्ट तयार, आणि ती कंपनीबाहेरच्या लोकांनी लिहिलेली.

त्यातलं डेथ इन फ्रीपोर्ट मी आमच्याकडे मराठीत चालवलंय. जेमतेम ३२ पानं, नवशिक्या पहिल्या लेव्हलच्या पात्रांसाठी. चाच्यांचं बंदर आहे, तिथल्या विद्येच्या देवाच्या मंदिरातला ग्रंथपाल नाहीसा होतो, त्याला शोधायचं, बस. मी ते बंदर सरळ कोकण किनाऱ्यावर आणून ठेवलं, धक्क्यावर मासे उतरतायत, शेजारी मंदिर. आमची एक मैत्रीण खरोखरच ग्रंथालयात काम करते, तिने आल्या आल्या विचारलं, त्यांनी शेवटचं कुठलं पुस्तक काढलं होतं, मला देवघेवीचं रजिस्टर दाखवा. मंदिरातली माणसं कोण आणि कोणाला काय माहितीय हे पुस्तकात नीट दिलेलं होतं म्हणून मला तिथल्या तिथे रजिस्टर उभं करता आलं, आणि पुढचा अर्धा तास सगळे एका रजिस्टरच्या पानावर वाकून बसले होते, तलवार कोणी काढलीच नाही. जाड पुस्तक हे देत नाही, बारीक पुस्तक देतं.

त्या उघड्या परवान्याने सगळं चांगलंच झालं असं मी म्हणणार नाही. पुढे इतकी पुस्तकं निघाली की दुकानदारांना ठेवायला जागा पुरेना, त्यात पुष्कळ फालतू, आणि २००३ मध्ये तिसरीची सुधारलेली एडिशन, जिला साडेतीन म्हणतात, ती आल्यावर जुना माल तसाच पडून राहिला, काही पब्लिशर त्यातच बुडाले. पण जे टिकले ते चांगलं लिहिणारे होते.

२००८ ला उलटं झालं. चौथी एडिशन येणार होती, आणि कंपनीने आधी सांगितलं की नियम लवकर बघायचे असतील तर पब्लिशरने पाच हजार डॉलर भरावेत. दोन-तीन माणसांच्या प्रकाशनाला हे पैसे कुठून परवडणार. मग नवं लायसन्स आलं त्यात कंपनी अटी हव्या तेव्हा बदलू शकत होती, आणि एखादी मालिका नव्या लायसन्सखाली नेली की तीच मालिका जुन्याखाली चालू ठेवायची नाही असंही कलम होतं. पुढच्या वर्षी अटी थोड्या सैल केल्या, पण तोवर बरेच जण लांब राहिले होते. पायझो ही कंपनी तर २००७ पर्यंत याच खेळाची मासिकं काढायची, म्हणजे घरचीच म्हणा ना, तिने नव्या नियमांची वाट न बघता जुने नियम घेतले, दुरुस्त केले आणि २००९ मध्ये पाथफाइंडर हा आपला स्वतंत्र खेळ काढला, ५७६ पानांचं पुस्तक. चौथ्या एडिशनचे नियम वाईट होते असं मला आजही वाटत नाही, लढाया फार सुंदर व्हायच्या. पण त्यांच्याभोवती लिहिणारी माणसं कमी पडली.

पाचवी २०१४ ला आली, तेव्हा कुठलंच लायसन्स नव्हतं, ते २०१६ च्या जानेवारीत आलं. मधल्या काळात फ्रॉग गॉड, गुडमन यांच्यासारख्या छोट्या पब्लिशरनी जुन्या लायसन्सच्या आधाराने, शब्द जपून वापरत पुस्तकं काढली. कोणी बोलावलं नव्हतं तरी आले. मला या लोकांबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

आणि मग २०२३ चा जानेवारी. नव्या लायसन्सचा मसुदा बाहेर फुटला, साडेसात लाख डॉलरच्या वर धंदा केला तर वरच्या रकमेवर २५ टक्के रॉयल्टी, आणि तेवीस वर्षं चाललेलं जुनं लायसन्स रद्द करायची भाषा. त्या दिवसांत आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. खेळणारे चिडले, पब्लिशर एकत्र आले, पायझोने सगळ्यांसाठी वेगळं लायसन्स आणायची घोषणा केली, कोबोल्ड प्रेस या पब्लिशरने स्वतःचे नियम लिहायला घेतले. २७ जानेवारीला कंपनी मागे हटली आणि पाचव्या एडिशनच्या नियमांचा गाभा, चारशेच्या वर पानं, क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये, म्हणजे श्रेय दिलं की कोणालाही वापरता येईल अशा खुल्या परवान्याखाली, टाकून दिला. ते आता परत घेता येत नाही. २०२४ च्या नव्या नियमांचा गाभाही २०२५ च्या एप्रिलमध्ये तसाच खुला झाला.

म्हणून मी काय सांगते, तर नियम फुकट आणि कायदेशीर मिळतायत, ते डाउनलोड करा, हवं तर रुईया कॉलेजच्या गल्लीत प्रिंट काढून स्पायरल करून घ्या. सगळे राक्षस आणि सगळे पर्याय त्यात नाहीत, पण कित्येक महिने खेळायला ते भरपूर आहे. जो पैसा वाचला त्यातून छोट्या पब्लिशरची एक-दोन ॲडव्हेंचरं, म्हणजे खेळायला तयार गोष्टींची पुस्तकं, पीडीएफमध्ये घ्या, पोस्टेजचा खर्च पण नाही. जाड पुस्तकं नंतर, वाटलं तर.

आणि ज्यांच्या डोक्यात वसईच्या किल्ल्यावरची नाहीतर गिरगावच्या चाळीतली गोष्ट आहे त्यांनी खुशाल मराठीत लिहा, विका सुद्धा, परवानगी मागायला कोणाकडे जायचं नाही. खुल्या मजकुराचा श्रेयउल्लेख त्यात दिलाय तसा आत छापा, त्यात नसलेले राक्षस उचलू नका, बिहोल्डर त्यातलाच एक, आणि कव्हरवर खेळाचं नाव किंवा लोगो न टाकता ‘पाचव्या एडिशनशी जुळणारं’ एवढंच लिहा. पहिलं पुस्तक एका संध्याकाळचं करा, तीस-बत्तीस पानांचं, आणि छापायच्या आधी आमच्याकडे रविवारी चालवून बघा, पाच खेळणारे मी देते.