पेठांतून निघणारी कॉमेट आणि आमचा २.३ मीटरचा गाळा

पुण्यात कोथरूडमधील आमच्या जुन्या इमारतीत प्रत्येक बिऱ्हाडाच्या वाट्याला पार्किंगचा एकच गाळा आला आहे. आमचा गाळा टेपने मोजला, तेव्हा त्याची रुंदी २.३ मीटर भरली. एका बाजूला खांब आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची ऐसपैस गाडी. त्यामुळे एमजी कॉमेट या विजेवर चालणाऱ्या चिमुकल्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह ठरवतानाच मी शोरूममध्ये सांगून ठेवले की, नेहमीची चार-पाच किलोमीटरची फेरी मला नको. गाडी पेठांतून फिरवायची आहे, चांदणी चौकाच्या चढावर न्यायची आहे आणि शेवटी आमच्या गाळ्यात उभी करून पाहायची आहे. आधी सांगितले, तर एवढा वेळ बहुधा मिळतो. आयत्या वेळी मागितला, तर मिळेलच असे नाही.

भारतात २०२३ साली आलेल्या या गाडीची लांबी २.९७ मीटर आणि रुंदी १.५ मीटर आहे. म्हणजे टाटांच्या नॅनोपेक्षाही ती १२ सेंटिमीटरने आखूड आहे, परंतु नॅनोला चार दारे होती आणि हिला दोनच आहेत. हा फरक मला कागदावर किरकोळ वाटला होता.

मंगळवारी सकाळी साडेदहाला, म्हणजे मुद्दाम गर्दीच्या वेळी, मी, पत्नी, आई आणि शोरूममधील तरुण असे चौघे निघालो. आईला मागे बसायचे होते. मागच्या आसनांकडे जायला पुढचे डावे आसन पुढे दुमडावे लागते. "आजी, आधी डावा पाय आत टाका," असे त्या तरुणाने समजावले. आईने पदर खोचला, एका हाताने दाराची चौकट धरली आणि दुसऱ्या प्रयत्नात ती आत गेली. बसल्यावर मात्र तिच्या डोक्याला किंवा गुडघ्यांना काही अडले नाही. घरात वयस्कर माणूस असेल, तर त्याला टेस्ट ड्राइव्हला अवश्य न्यावे, आणि फक्त बसवून न पाहता दोनदा उतरवून पाहावे, कारण उतरणे चढण्यापेक्षा अवघड जाते.

गिअर नाहीत, ब्रेक दाबून गोल खटका फिरवायचा आणि निघायचे. कर्वे रस्त्याने डेक्कन, लकडी पूल, अलका चौक, तेथून केळकर रस्ता, अप्पा बळवंत चौक, शनिवारवाडा आणि शिवाजी रस्त्याने परत लक्ष्मी रस्ता, अशी आमची वाट होती. या गर्दीत ४२ अश्वशक्तीची मोटर कमी पडली नाही. उलट, पाय उचलताच गाडीचा वेग आपोआप उतरत असल्याने ब्रेकवर पाय फारसा न्यावा लागला नाही. इंजिनाचा आवाज नसल्याने पुस्तकांच्या दुकानांसमोर चालणाऱ्या लोकांना मात्र आपण मागे आलो आहोत हे कळतच नाही. तेथे संयम बाळगावा.

सदाशिव पेठेतील एका गल्लीत समोरून टेम्पो आला. एरवी अशा वेळी दोन्ही चालकांनी खाली उतरून चर्चा करण्याची पद्धत आहे. आम्ही दोन दुचाकींच्या पुढील मोकळ्या तुकड्यात गाडी तिरपी घातली आणि टेम्पो निघून गेला. वळण-त्रिज्या ४.२ मीटर, म्हणजे एका दमात वळायला साधारण साडेआठ मीटर रुंदी लागते. पेठांतील पुष्कळ गल्ल्या तेवढ्याही रुंद नाहीत. तेथे एकदा मागे घ्यावी लागते, पण एकदाच.

चांदणी चौकाचा चढ चौघे बसूनही गाडीने सहज घेतला. महामार्गावर जाण्याचा हट्ट मी केला नाही. चाके १२ इंचांची आहेत आणि पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतरही कमी आहे, तेव्हा अशा गाडीला खड्डे जाणवायचेच. मागची आसने उभी असताना सामानाला जागा जवळजवळ नाही. आमची भाजीची पिशवी आईच्या मांडीवर होती. स्टेपनीही नसते, पंक्चर दुरुस्तीचा संच मिळतो, तो वापरायचा कसा हे शोरूममध्येच विचारून घ्यावे.

चार्जिंगचा हिशेब मी वहीत मांडला. निघताना बॅटरी ८२ टक्के होती, २१ किलोमीटरनंतर एसी चालू असताना ७० टक्के उरली. म्हणजे पूर्ण चार्जवर १७५ किलोमीटर धरावेत. २३० हा आकडा कंपनीच्या चाचणीतील आहे. बॅटरी १७.३ युनिटची आहे आणि ३.३ किलोवॉटच्या चार्जरवर ती पूर्ण भरायला सुमारे ७ तास लागतात. रात्रभर लावून ठेवली की काम झाले, मात्र १५ अँपिअरचा प्लग स्वतःच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत आणायला सोसायटीची परवानगी आधी घ्यावी.

शेवटी गाळा. गाडी आत गेली आणि पुढे इतकी जागा उरली की तेथे स्कूटरही मावली असती. पण दोनच दारे असल्याने प्रत्येक दार लांब आहे. डावी बाजू खांबापासून १० सेंटिमीटरवर ठेवली, तेव्हा उजवीकडे गाळ्याच्या रेषेपर्यंत ७० सेंटिमीटर उरले आणि शेजाऱ्यांची गाडी त्या रेषेला चिकटूनच असल्याने दार अर्धेच उघडले. मी पोट आत घेऊन बाहेर आलो. आईला मात्र गाडी गाळ्यात घालण्यापूर्वीच फाटकापाशी उतरवावे लागले असते. म्हणून जाताना टेप सोबत न्यावा आणि गाडीच्या लांबीआधी उघडलेले दार मोजावे.

गाडी आम्हा तिघांनाही आवडली आहे. नोंदणीचे पैसे भरण्यापूर्वी शेजारच्या काकांशी एकदा बोलायचे आहे. त्यांनी आपली गाडी वीतभर पलीकडे सरकवली, तर निदान माझे दार पुरते उघडेल.